गाडी गावात, चलन शहरात! चुकीचं नो-पार्किंग चलन आलं तर काय करायचं?

धारा काढायची वेळ होती. खिशातला मोबाइल वाजला म्हणून हात पुसून बघितलं, तर मेसेज. तुमच्या वाहनावर नो-पार्किंगचं चलन झालं आहे, दंड ५०० रुपये. ठिकाण लांबच्या एका मोठ्या शहरातलं. त्या शहरात मी वर्षभरात पाय ठेवला नव्हता. आणि ज्या मोटारसायकलवर चलन झालं होतं, ती गोठ्याच्या भिंतीला टेकून समोरच उभी होती.

घरच्यांचं पहिलं म्हणणं असं, की भरून टाका, कशाला पोलिसांच्या नादाला लागायचं. शेजाऱ्याचं म्हणणं असं, की काही भरू नका, आपोआप मिटतंय. दोन्ही सल्ले चुकीचे निघाले. भरलं असतं तर न केलेल्या चुकीची कबुली दिल्यासारखं झालं असतं. गप्प बसलो असतो तर चलन गाडीच्या नावावर तसंच राहिलं असतं. तिसरा रस्ता आहे तो तक्रारीचा. तो मी चाललो. अडीच महिने लागले, पण चलन रद्द झालं. त्या चालण्यात जे कळलं ते इथे क्रमाने देतोय. आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच जणांना असे मेसेज येतायत, म्हणून ही माहिती जपून ठेवा.

आधी खात्री करा : मेसेज खरा आहे का?

चलनाच्या नावाखाली फसवणूक जोरात चालू आहे. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' अशा नावाची एपीके फाइल येते. ती दाबली की मोबाइलमध्ये चोर शिरतो आणि बँक खातं साफ होतं. त्यामुळे मेसेजमधली लिंक दाबायची नाही, आलेली फाइल उघडायची नाही, कुणाचा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही.

खरं चलन बघायचं असेल तर स्वतः मोबाइलमध्ये टाइप करून राज्य वाहतूक पोलिसांची साइट उघडा. पत्ता असा : महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच पाहिजे. तिथे गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात. ते आरसी बुकावर असतात. केंद्राच्या परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवरही चलन बघता येतं.

दोन्हीकडे काहीच दिसलं नाही तर तो मेसेज बहुतेक खोटा आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

फोटो बघितल्याशिवाय काहीही करू नका

साइटवर चलनासोबत पुराव्याचा फोटो असतो. तो उघडून मोठा करून बघा. माझं निम्मं काम तिथेच झालं. फोटोत काळी स्कूटर होती आणि माझी लाल मोटारसायकल. नंबर प्लेटवर शेवटचा आकडा ८ होता, चलन टाकणाऱ्याने तो ३ असा टाकला होता. एका आकड्याने स्कूटरवाल्याचा दंड माझ्या दारात आला.

फोटो बघताना या गोष्टी ताडून बघा :

- गाडीचा प्रकार, कंपनी, रंग आपलाच आहे का
- नंबरातला प्रत्येक आकडा आणि अक्षर. ३ आणि ८, १ आणि ७, शून्य आणि इंग्रजी डी, ८ आणि इंग्रजी बी यांत गल्लत होते
- जिल्ह्याचा नंबर. एमएच-४२ बारामती, एमएच-४५ अकलूज. एका आकड्यात जिल्हा बदलतो
- तारीख, वेळ आणि ठिकाण
- फोटोत नो-पार्किंगचा फलक दिसतो का, गाडी नेमकी कुठे उभी आहे
- चलनावर लिहिलेलं कलम

हे सगळं बघून लगेच स्क्रीनशॉट काढा. जमलं तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चलन आणि फोटो दोन्हीची रंगीत प्रिंट घ्या. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये गाडीचा रंग कळत नाही आणि आपला मुद्दाच जातो.

चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

तक्रार कशी करायची हे चुकीच्या प्रकारावर ठरतं. साधारण पाच प्रकार दिसतात.

पहिला, नंबर टाकताना झालेली चूक. माझी हीच. फोटोतली गाडीच दुसरी असते. हे सिद्ध करायला सगळ्यात सोपं.

दुसरा, डुप्लिकेट नंबर प्लेट. फोटोत नंबर तुमचाच बरोबर दिसतो, पण गाडी तुमची नाही. म्हणजे कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. हे नुसतं चलनाचं प्रकरण समजू नका. उद्या त्या गाडीने अपघात केला किंवा चोरीत ती वापरली तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील. अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. घटना दुसऱ्या शहरातली आहे, इथे तक्रार घेता येत नाही, असं कुणी म्हणालं तर झिरो एफआयआरची सोय कायद्यात आहे हे सांगा.

तिसरा, विकलेली गाडी. आपल्या भागात हा प्रकार फार. गाडी बाजारात विकली, पैसे घेतले, सही केलेला कोरा फॉर्म दिला आणि विसरलो. घेणाऱ्याने नावावर केली नाही. आता त्याची चलनं तुम्हाला येतायत. यात चूक पोलिसांची नाही, कागदाची आहे. याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

चौथा, गाडी आपलीच, उभीही आपणच केली, पण तिथे नो-पार्किंग नव्हतं किंवा फलकच नव्हता. सम-विषम तारखेच्या पार्किंगमध्येही असं होतं. पी-१ आणि पी-२ असे फलक असतात, तारखेप्रमाणे रस्त्याची एक बाजू चालू आणि एक बंद. चलन टाकणाऱ्याने तारीख किंवा बाजू चुकवली तर भरडला जातो गाडीवाला.

पाचवा, एकाच वेळच्या उभ्या गाडीवर दोन चलनं. तारीख तीच, जागा तीच, वेळेत दहा-वीस मिनिटांचा फरक.

आणि एक सहावा प्रकार आहे, तो प्रामाणिकपणे तपासायचा. गाडी पोरगा किंवा पुतण्या घेऊन गेला होता का? घरात विचारा. कॉलेजला शिकणाऱ्या पोराने गाडी शहरात नेली आणि सांगितलं नाही, असं बऱ्याच घरात निघतं. तसं असेल तर चलन बरोबर आहे. भरा आणि विषय संपवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर मालकाला सांगावं लागतं. खोटी तक्रार करू नका, ती अंगलट येते आणि खऱ्या तक्रारदारांचंही नाव खराब होतं.

'५०० रुपयेच तर आहेत' असं म्हणून का भरू नये?

पाचशे रुपये म्हणजे आपल्याकडे एका गड्याची दिवसभराची मजुरी. पण तेवढ्यावर हिशोब संपत नाही.

नो-पार्किंगचं साधं चलन बहुतेक वेळा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. महाराष्ट्रात हे वाढलेले दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

आता मुख्य मुद्दा. दंड भरून चलन मिटवणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड. याच २०१९ च्या दुरुस्तीने त्या कलमात एक ओळ घातली. तडजोड करून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे ५०० भरले, तर उद्या खरोखर चूक झाली तेव्हा ती तुमची दुसरी चूक धरून १५०० लागू शकतात. शिवाय भरलेल्या चलनाविरुद्ध तक्रार करायला गेलो तर समोरचा पहिला प्रश्न विचारतो, चूक नव्हती तर भरलं कशाला?

न भरता गप्प बसणंही नुकसानीचं. थकलेली चलनं गाडीच्या नोंदीवर दिसत राहतात. गाडी विकायची असते, नावावर करायची असते, तेव्हा ती आडवी येतात. नाकाबंदीत पोलिसांच्या मशीनवरही दिसतात. आणि प्रकरण कोर्टात गेलं तर समन्स येतं.

पुरावा आठ दिवसांत गोळा करा

गाडी त्या दिवशी, त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवणारा कागद शोधायचा. शेतकऱ्याच्या घरात असे कागद असतात, फक्त ते पिशवीत, खुंटीला किंवा गाडीच्या डिकीत चुरगळून पडलेले असतात. मला डिकीत सर्व्हिसिंगचं जॉबकार्ड सापडलं. चलनाच्या दिवशी सकाळी गाडी तालुक्याला शोरूममध्ये लावली होती आणि संध्याकाळी सोडवून आणली होती. कार्डावर गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ. तो एक कागद शंभर शब्दांवर भारी पडला.

तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघा :

- शोरूम किंवा गॅरेजचं जॉबकार्ड, बिल
- वजनकाट्याची पावती. ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो असेल तर त्यावर गाडी नंबर आणि वेळ छापलेली असते
- कारखान्यावर ऊस घातल्याची किंवा बाजार समितीत माल उतरवल्याची पावती
- गाडी नंबर टाकलेली पेट्रोल पंपाची पावती
- चारचाकी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट. गाडी कोणत्या टोलवरून कधी गेली ते त्यात असतं
- पंप, दूध डेअरी, ग्रामपंचायत किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग
- आपल्या गाडीचे फोटो : पुढून, मागून, बाजूने, नंबर प्लेट आणि चॅसी नंबर दिसेल असे

आठ दिवसांत म्हणतोय ते कॅमेऱ्यामुळे. दुकानातल्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पंपावर पावतीची नक्कलही महिन्याने मिळत नाही. म्हणून मेसेज आल्यावर 'बघू निवांत' म्हणायचं नाही.

चौथ्या प्रकारात, म्हणजे फलकच नव्हता असं म्हणणं असेल, तर त्या जागेचे फोटो आणि व्हिडिओ लागतात. रस्त्याच्या कोपऱ्यापासून गाडी उभी होती तिथपर्यंत चालत व्हिडिओ काढा, दुकानाच्या पाट्या त्यात येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. तुम्हाला जाणं जमत नसेल तर त्या शहरातल्या पाहुण्याला सांगा. फांदीमागे लपलेला किंवा पडलेला फलक असेल तर तोही घ्या.

तक्रार कुठे आणि कशी?

पहिली पायरी ऑनलाइन. राज्य वाहतूक पोलिसांच्या साइटवर आणि महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. चलन नंबर निवडायचा, कारण लिहायचं, फोटो जोडायचे. तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. मजकूर थोडका आणि मुद्द्याचा लिहा. राग काढू नका. 'फोटोतील वाहन काळी स्कूटर असून माझे वाहन लाल मोटारसायकल आहे. फोटोतील नंबराचा शेवटचा आकडा ८ आहे, माझ्या वाहनाचा ३ आहे' एवढं पुरतं.

माझ्या ऑनलाइन तक्रारीला उत्तर आलं एका ओळीचं, चलन योग्य आहे. वाचून डोकं फिरलं. नंतर लक्षात आलं, की मी फक्त 'माझी गाडी गावात होती' एवढंच लिहिलं होतं आणि जॉबकार्डाचा पुसट फोटो जोडला होता. मुख्य गोष्ट, म्हणजे दोन गाड्यांमधला फरक, मी लिहिलाच नव्हता. समोरच्या माणसापुढे तक्रारींचा ढीग असतो. त्याला एका नजरेत चूक दिसली पाहिजे.

दुसरी पायरी लेखी अर्ज. ज्या शहराने चलन केलं, त्या शहराच्या वाहतूक शाखेला अर्ज पाठवायचा. पोलीस आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा. आयुक्तालय नसेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयातली जिल्हा वाहतूक शाखा. आपल्या तालुक्याच्या ठाण्यातून दुसऱ्या शहराचं चलन रद्द होत नाही, त्यामुळे तिथे हेलपाटे घालू नका. हातात देता आला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चलनाच्या प्रिंटला टाचून ठेवा. चलनावर किंवा नोटिशीवर मुदत लिहिलेली असेल तर ती बघून त्याच्या आतच हे करा.

अर्जाचा नमुना देतोय. मोकळ्या जागा भरा आणि आपल्याला लागू नसेल ते खोडा.

> प्रति,
> मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, ............
>
> विषय : चलन क्र. ............ चुकीने झाले असल्याने रद्द करण्याबाबत.
>
> महोदय,
> मी ............, रा. ............, ता. ............, जि. ............ वाहन क्र. ............ चा नोंदणीकृत मालक आहे. दि. ............ रोजी ............ वाजता ............ येथे नो-पार्किंगमध्ये वाहन उभे केल्याबद्दल वरील चलन माझ्या नावे झाले आहे. ते खालील कारणांमुळे चुकीचे आहे.
>
> १) चलनासोबतच्या फोटोतील वाहन ............ (प्रकार, रंग) असून माझे वाहन ............ आहे.
> २) फोटोतील वाहनाचा क्रमांक ............ असा दिसतो. माझ्या वाहनाचा क्रमांक ............ आहे.
> ३) सदर वेळी माझे वाहन ............ येथे होते. त्याचा पुरावा जोडला आहे.
>
> तरी मूळ फोटोची तपासणी करून चलन रद्द करावे व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.
>
> सोबत : चलनाची प्रत, फोटोची रंगीत प्रत, आरसी बुकाची प्रत, वाहनाचे फोटो, पुराव्याची प्रत.
>
> आपला,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक)

मी दोन फोटो एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापले. डावीकडे चलनातली स्कूटर, उजवीकडे माझी मोटारसायकल, खाली दोन्हीचे नंबर मोठ्या अक्षरात. हा अर्ज गेल्यावर मात्र काम झालं. दीड महिन्याने साइटवर बघितलं तर चलन गेलेलं. फोन नाही, पत्र नाही, गुपचूप गेलं. म्हणून मधूनमधून साइट बघत राहा आणि चलन निघालं की त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा.

नियम तुमच्या बाजूने काय म्हणतात?

कॅमेऱ्यासारख्या यंत्रावरून होणाऱ्या चलनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. फोटो स्पष्ट पाहिजे, त्यात गुन्हा आणि नंबर प्लेट दिसली पाहिजे, तारीख, वेळ आणि ठिकाण पाहिजे, आणि चलन निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवलं पाहिजे, असं त्यात आहे. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, असंही त्यात घातलं होतं.

पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढायचे आणि नंतर सवडीने चलन टाकायचं, याविरुद्ध खूप तक्रारी झाल्या. असं करायचं नाही, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने २०२५ मध्ये दिली. घटनेची वेळ आणि चलन टाकल्याची वेळ यात मोठं अंतर दिसलं तर अर्जात तेही लिहा.

नो-पार्किंग कुठे, हे सुद्धा कुणाच्या मनावर नसतं. त्यासाठी वाहतूक शाखेकडून अधिसूचना निघते, त्यात कायद्याची कलमं ११५, ११६, ११७ लिहिलेली असतात. चौथ्या प्रकारातल्या लोकांनी ती अधिसूचनाच मागायची.

उत्तरच आलं नाही तर

महिनाभर वाट बघा. मग 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाका किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करा. माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा असं आहे. त्या वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे तीन गोष्टी मागा : चलनाचा मूळ फोटो, त्या जागेच्या नो-पार्किंग अधिसूचनेची प्रत, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.

माहिती अधिकाराने चलन रद्द होत नाही, हे लक्षात ठेवा. पण तुमचा अर्ज ज्या फायलीखाली दबलाय, ती फाइल त्याने वर येते.

कोर्टाचा मेसेज किंवा समन्स आलं तर

घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. व्हर्च्युअल कोर्टाचा मेसेज असेल तर साइटवर दोन रस्ते असतात, दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवणे निवडलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. तिथे 'गुन्हा कबूल नाही' असं सांगायचं आणि आपले कागद दाखवायचे. फोटोतली गाडी दुसरीच असेल तर तो कागदच बोलतो. मात्र हे कोर्ट चलन जिथे झालं तिथलं असतं, जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवस धरून विचार करा. म्हणूनच वाहतूक शाखेच्या पातळीवर नेटाने पाठपुरावा करणं स्वस्त पडतं.

वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते, बाकीच्यांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत.

लोकअदालतीबद्दल थोडं. चलनांसाठी लोकअदालतीच्या नोटिसा येतात आणि तिथे तडजोडीत दंड कमी होतो, म्हणून गर्दी असते. खरी चलनं साठलेली असतील तर जरूर जा. पण चुकीच्या चलनासाठी तो रस्ता नाही. तिथे तडजोड होते, कोण बरोबर हे ठरत नाही. आणि लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही.

विकलेल्या गाडीचं काय?

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. विकणाऱ्याचा फॉर्म २९, पुढचा फॉर्म ३०. आरटीओत नाव तुमचं असेल तोवर कायदा तुम्हालाच मालक धरतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. गाडी हातोहात तीन-चार जणांना विकली गेली होती, तरी जबाबदार धरला तो नोंदणीतला मालक.

तेव्हा विक्रीची स्टॅम्पवरची पावती, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि आरटीओला दिलेल्या अर्जाची पोच हे तीन कागद असतील तरच तक्रारीत जोर येतो. नसतील तर आधी घेणाऱ्याला गाठा, गाडी नावावर करून द्या, मग चलनांचं बघा. शंभरच्या स्टॅम्पवर लिहिलं म्हणजे झालं, हा गैरसमज सोडा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

नंबर प्लेट सरळ ठेवा. ८०५५ चा 'बॉस' आणि ४१४१ चे 'दादा' करणं गावात भारी दिसत असेल, पण नियमाने आकडे आणि अक्षरं साधी इंग्रजीच पाहिजेत, आणि अशा प्लेटवर आपली तक्रार कुणी मनावर घेत नाही. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते, ती बसवून घ्या. तिची नक्कल करणं अवघड जातं.

आरटीओच्या नोंदीत चालू मोबाइल नंबर आहे का तेही बघा. बऱ्याच गाड्यांना एजंटाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा नंबर असतो. चलन होतं, मेसेज भलतीकडे जातो आणि आपल्याला कळतं ते दोन वर्षांनी, गाडी विकताना. तेव्हा ना कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग हाताशी असतं, ना पावती.

आणि पावत्या फेकू नका. आमच्या घरी आता दाराच्या मागे एक खिळा ठोकलाय. पंपाची, काट्याची, गॅरेजची जी काही पावती येईल ती त्यात अडकवायची. मंडळी हसतात. पण चलन चुकीचं होतं हे मी ठणकावून सांगत होतो तेव्हा कुणी ऐकलं नाही. दोन फोटो आणि एक जॉबकार्ड कागदावर लावून दिलं तेव्हा ऐकलं.